तिला विचारायचं राहून गेलं

दादा,

काल तुझा जलदान विधी झाला. विहारात जागा पुरली नाही, बाहेर मांडव घालावा लागला. सुरतेबाहेरच्या सचिन गावातल्या मिलमधले तुझे जुने सोबती आले होते, लिंबायतच्या आपल्या गल्लीतलं तर घरटी माणूस होतं. एकेक जण उठून तुझ्याबद्दल बोलत होता. मिलमध्ये वायरमन असताना तू कुणाकुणाला कामाला लावलंस ते निघालं. परजातीत लग्न केलेल्या एका पोरीच्या घराशी गल्लीनं बोलणं टाकलं, तेव्हा तूच त्यांच्या ओट्यावर जाऊन सगळ्यांच्या डोळ्यांदेखत चहा प्यायलास, तेही निघालं. सगळं खरंच होतं. पण वहिनीच्या वेळचं कुणी बोललं नाही. सगळे त्याला वळसा घालून पुढे गेले, जसं चांगल्या माणसाच्या एखाद्या व्यसनाबद्दल मेल्यावर बोलत नाहीत तसं.

मला ते लागलं. मी स्वतः त्या गोष्टीवरून तुझ्याशी शेवटपर्यंत भांडले, तरी लागलं. भांडायचा हक्क माझा होता. गप्प बसून तुला माफ करायचा हक्क त्यांना कुणी दिला?

मंगलावहिनी मेथी निवडता निवडता डोकं धरून बसली आणि तिथंच आडवी झाली, तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. तू तिला माझ्याच हॉस्पिटलात आणलंस, कारण मी तिथं डायलिसिस विभागात नर्स, आपलं माणूस आत आहे एवढाच तुझा आधार. मेंदूत रक्तस्राव झाला होता. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, ठरलेल्या तासांचं अंतर ठेवून पुन्हा केल्या, आणि मग तुला खुर्चीवर बसवून सांगितलं की मेंदू गेलाय, आता जे हलतंय ते मशीनमुळे. तू माझ्याकडे बघितलंस. मी मान हलवली. मला वाटतं तुला ते डॉक्टरांनी नाही, मी सांगितलं.

त्यानंतर ती काउन्सेलर मुलगी आली. मऊ आवाजाची, घाई न करणारी. अवयवदानाबद्दल तिनं नीट समजावलं. पती म्हणून कायद्यानं तुमची संमती चालते, म्हणाली. आणि विचारलं, "मंगलाबेननी जिवंतपणी कधी दानाला नकार दिला होता का?"

तू विचार करून म्हणालास, "नाही. दानाबद्दल काहीच बोलली नव्हती."

मग मिनिटभरानं म्हणालास, "पण मी सही करणार नाही."

तुला तेव्हा खोटं बोलता आलं असतं, दादा. "हो, तिनं नको म्हटलं होतं," एवढं एक वाक्य बोलला असतास तर तिथंच सगळं मिटलं असतं. तिनं नकार दिलेला असता तर कायदाही मधे आला नसता, लोकही आले नसते. तू ते बोलला नाहीस. आणि खरं कारणही सांगितलं नाहीस. मग काय, सगळे तुझ्यावर धावून आले.

गंमत अशी की तोवर आपल्या घरात बरोबर आणि चूक फार सोपं होतं. समाज म्हणतो ते तपासून घ्यायचं, कायदा म्हणतो ते मानायचं, आणि धम्म आपल्या बाजूला आहेच. तू मला लहानपणापासून हेच शिकवलंस. आणि त्या दिवशी ही तिन्ही एका बाजूला जाऊन उभी राहिली आणि तू एकटा दुसरीकडे. कायदा म्हणत होता, सही कर, चालेल. समाज म्हणत होता, कर. पूर्वी याच गल्लीत देह अख्खा जाळला पाहिजे म्हणणारे लोक होते, पण सुरतेत आता दान करणाऱ्या घराचा सत्कार होतो, पेपरात फोटो येतो, म्हणून गल्लीची भाषा बदलली होती. आणि विहारातून भंतेजी आले. पायऱ्या चढून दमले होते बिचारे. तुझ्या शेजारी बसून म्हणाले, "उपासक, याहून मोठं दान नाही. तुम्हाला मी काय सांगायचं?"

तू हात जोडून म्हणालास, "भंतेजी, दान आपल्या वस्तूचं करायचं ना? ती माझी वस्तू कशी?"

ते म्हणाले, "पण आता ती राहिलीच नाही, सुभाषराव."

"न दिलेलं घ्यायचं नाही, असं आपण रोज पंचशीलात म्हणतो. तिनं दिलेलं नाही. मी काढून देणारा कोण?"

भंतेजी उठले. मग वहिनीच्या खाटेपाशी जाऊन त्यांनी परित्राण म्हटलं आणि निघून गेले. ते तुझ्यावर नाराज होऊन गेले की तुझं पटून गेले, हे मला आजही ठाऊक नाही. काल विचारावंसं वाटलं होतं. विचारलं नाही.

मी मात्र तुला सोडलं नाही. जिन्यापाशी ओढत नेलं. म्हटलं, "दादा, मी रोज त्या वॉर्डात उभी असते. तिथली माणसं मशीनला जोडून घेतात आणि छताकडे बघत पडून राहतात, कुणीतरी हो म्हणेल म्हणून. तू आयुष्यभर लोकांना अंधश्रद्धा सोडा म्हणून भाषणं दिलीस. आता स्वतःवर आलं तर—"

तेव्हा तू मला ते सांगितलंस. भिंतीकडे तोंड करून.

तुमची प्रज्ञा शाळेत होती तेव्हा वहिनीचं गर्भाशय काढलं, हे मला माहीत होतं. कसं काढलं ते माहीत नव्हतं. गावी गेलेले असताना रक्तस्राव वाढला, एका खासगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले काढून टाका, रोजची कटकट जाईल. आई म्हणाली काढून टाका, एक लेकरू झालंय. तुझ्यापुढे कागद ठेवला आणि तू सही केलीस. वहिनी शुद्धीत होती, दादा. पडद्याच्या पलीकडे खाटेवर बसलेली होती. तिच्यापर्यंत कागद गेलाच नाही. तिला टाके पडल्यावर कळलं काय काढलं ते.

"रडली नाही," तू म्हणालास. "भांडलीसुद्धा नाही. घरी आल्यावर किती तरी दिवसांनी, एकदा पोळ्या करता करता म्हणाली, 'आते माले इचारा बिगर मन्हा आंगमाईन काही काढू नका.' मला न विचारता आता माझ्या अंगातून काही काढू नका. मी हो म्हटलं. तिनं वर बघून पुन्हा विचारलं, खरं ना? मी पुन्हा हो म्हटलं."

मी नर्स आहे. मला माहीत आहे की तेव्हाही कायद्यानं तिचीच सही हवी होती. पण आपल्याकडे नवऱ्याची चालते, सगळ्यांची चालत आलीय, म्हणून डॉक्टरांना, आईला, तुला, कुणालाच त्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आणि आता कायदा तुझ्या हातात पेन देत होता, तर तू तिला विचारत होतास.

तरीही मी म्हटलं, "ती ते त्या ऑपरेशनबद्दल बोलली होती. याबद्दल नाही. आणि आता तिला काय कळणार आहे?"

"तिला कळणार नाही म्हणूनच," तू म्हणालास. "कळत असतं तर मी विचारलंच असतं ना, छाया."

वहिनीचं हृदय त्याच दिवशी संध्याकाळी थांबलं. पुण्याहून गाडी पकडून निघालेली प्रज्ञा पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं.

मग सुरू झालं ते दुसरंच. नळावर, रिक्षात, विहाराच्या पायरीवर. दुसऱ्याला ज्ञान सांगणारा स्वतःच्या बायकोच्या वेळी मागं सरला. कुणी म्हणालं, आतून जुनाच माणूस निघाला. तू एका शब्दानं उत्तर दिलं नाहीस. द्यायचं तर वहिनीच्या अंगाची गोष्ट चार लोकांत सांगावी लागली असती, आणि तेही तिला विचारलेलं नव्हतं. पौर्णिमेला विहारात तुझं बोलणं व्हायचं, ते तू आपणहून बंद केलंस. मागे, चपलांपाशी बसू लागलास. मला ते बघवायचं नाही आणि तुझा रागही जायचा नाही. दोन्ही एकदम व्हायचं.

माझ्या वॉर्डात हेतल होती. कतारगामची, हिरे घासणाऱ्याची मुलगी, शिकवण्या घ्यायची. मशीनवर पडल्या पडल्या पोरांचे पेपर तपासायची. त्या उन्हाळ्यात ती गेली. वहिनीची किडनी तिलाच मिळाली असती असं मुळीच नाही. रक्तगट असतो, यादी असते, माझ्यापेक्षा हे कुणाला जास्त माहीत? पण रविवारी तुझ्याकडे जेवायला आले आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "हेतल गेली. तुझ्या शब्दाला जागायची किंमत कुणीतरी दिलीच असेल, दादा. तिनं नाही तर दुसऱ्या कुणी."

तू घास खाली ठेवलास. मला वाटलं चिडशील. तू विचारलंस, "आई आहे का तिला?"

"आहे."

तू पुढे जेवला नाहीस. ताट झाकून ठेवलंस. हात धुऊन आल्यावर म्हणालास, "तू म्हणतेस ते खोटं नाही. मी बरोबर केलं असं मी म्हणतच नाहीये. मला एवढंच माहितीय की एकदा तिला न विचारता सही केली, दुसऱ्यांदा माझ्यानं झाली नसती."

"म्हणजे तुझ्या मनाला टोचू नये म्हणून?"

"असेल. तेही असेल."

असं कबूल करून टाकायचास तू, आणि मग भांडणाला पुढे रस्ताच राहायचा नाही. मला जिंकायचं नव्हतं रे. तू एकदा तरी ठणकावून "मीच बरोबर" म्हणावंस असं वाटायचं, म्हणजे मला धरून बसायला काहीतरी मिळालं असतं.

नंतर तू आपल्या गल्लीतल्या सलमाआपांना डायलिसिसला आणायला लागलास. त्यांचा मुलगा लूमवर पाळीला जायचा, म्हणून तू स्कूटरवरून आणायचास आणि बाकावर पेपर वाचत बसायचास. एकदा मी टोचून म्हटलं, "प्रायश्चित्त चाललंय का?" तू चष्म्यावरून बघत म्हणालास, "कसलं प्रायश्चित्त? त्यांना रिक्षात बसलं की उलटी होते." सलमाआपा पलंगावरून हसल्या. "इनकी स्कूटर में भी होती है सिस्टर, मैं बोलती नहीं." त्या दिवशी किती तरी महिन्यांनी मी तुला मोठ्यानं हसताना ऐकलं. त्या पुढच्या हिवाळ्यात गेल्या, तर त्यांच्या जनाज्याबरोबर तू कब्रस्तानापर्यंत चालत गेलास.

आणि एक दिवस, तू भाकरी मोडता मोडता, प्रज्ञासमोर, अगदी बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणालास, "माझं ऐकून ठेवा दोघी. मला विचारलंय असं समजा. माझं उत्तर हो आहे. जे उपयोगी पडेल ते द्या. नंतर माझ्यासाठी कुणाला डोकं फोडून घ्यायला लागू नये."

तू गेलास सकाळी, अंगणात, खुर्चीत बसल्या बसल्या. हृदयच थांबलं, तेव्हा डोळ्यांशिवाय काही देता येण्यासारखं नव्हतं. तुला आत आणून निजवलं, मी तुझ्या पापण्यांवर ओली पट्टी ठेवली, पंखा बंद केला आणि नेत्रपेढीला फोन लावला. आदल्या दिवशीच अमळनेरहून आलेले आपले मामा दारातच उभे राहिले. म्हणाले, "बायकोचं दिलं नाही त्यानं, आणि तुम्ही त्याचे डोळे काढताय? त्याला चालणार होतं का हे?" प्रज्ञा त्यांच्यासमोर गेली. तिनं नीट सांगितलं, "पप्पांनी सांगितलंय. मी होते तिथं. आत्यापण होती." मामा बाजूला झाले. नेत्रपेढीचे लोक आले, दार लोटून घेतलं, थोड्या वेळात बाहेर आले आणि प्रज्ञाला हात जोडले. तुझा चेहरा होता तसाच होता. कुणाला काही कळलंसुद्धा नसतं.

आता जे सांगायचं आहे ते तुला माहीत नाही.

काल मांडव उतरवल्यावर प्रज्ञा आणि मी भांडी आवरत होतो. ती एकदम म्हणाली, "आत्या, मी पप्पांना एक सांगितलं नाही." वहिनी जायच्या आधीच्या दिवाळीत ती घरी आली होती. टीव्हीवर दाखवत होते, सुरतेत रस्ता मोकळा करून विमानतळाकडे कुणा बाईचं हृदय नेत होते. वहिनी लसूण सोलत बघत होती. म्हणाली, "चांगलं शे हाई." आणि मग प्रज्ञाकडे वळून, "पन तिले इचारं व्हई ना?" चांगलं आहे हे, पण त्या बाईला विचारलं असेल ना?

प्रज्ञा पोचली तेव्हा उशीर झाला होता. तिच्या मते त्या बोलण्याचा अर्थ असा की आई हो म्हणाली असती. पप्पांना हे कळलं तर ते उभ्या जन्मात सावरणार नाहीत, म्हणून ती गप्प राहिली. लोक काहीबाही बोलत होते तेव्हा गप्प राहिली, तू चपलांपाशी बसायला लागलास तेव्हाही गप्प राहिली. "खोटं बोलले नाही मी, आत्या," म्हणाली. "पण खरंही सांगितलं नाही. चुकलं का माझं?"

मी तिला जवळ घेतलं.  

रात्रभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. पहिला अर्धा भाग ऐकला की वाटायचं, मी बरोबर होते, ती हो म्हणाली असती, मी तुला तेव्हाच सांगत होते. दुसरा अर्धा ऐकला की तुझा चेहरा समोर यायचा, भिंतीकडे वळलेला. तू यातला कुठला भाग उचलला असतास, ते मला पक्कं माहीत आहे. आणि तरी, दादा, एका संध्याकाळी लसूण सोलताना तूही त्या टीव्हीसमोर बसला असतास, आणि म्हणाला असतास, "तुला विचारतो, बोल," तर? तुम्ही दोघं इतकी वर्षं एका घरात राहिलात. एवढा मोठा शब्द तू पाळलास, आणि तो ज्यानं पूर्ण झाला असता तो साधा प्रश्न राहूनच गेला. याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही. आणि तुझ्याइतका तिचा मान कुणी राखला नाही, हेही मला कबूल आहे. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत. तू गेल्यावर मला हे कळतंय, आणि ज्याला सांगायचं तो नाही.

आज मी पुन्हा कामावर गेले. घरी बसून भिंती खायला उठत होत्या. एका बाईला डायलिसिससाठी हातावर छोटं ऑपरेशन करायचं होतं. रमीलाबेन नाव. तिचा नवरा पेन घेऊन, सही कुठे करायची विचारत तयारच होता. "सिस्टर, सही क्यां करवानी?" मी कागद त्याच्या हातातून घेतला आणि तिच्या खाटेपाशी गेले. हे मी आधीही कधी कधी करत असे, पण घाईत, करायचं म्हणून. आज स्टूल ओढून बसले. काय करणार, कशासाठी करणार, दुखेल किती, सगळं सांगितलं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. जरा पुढे वाकून, आवाज अगदी खाली घेऊन तिनं विचारलं, "ना पाडुं तो चाले?" मी नाही म्हटलं तर चालेल का?

दादा, ती नाही म्हणाली तर काय होईल ते मला दिसत होतं. मला तिच्या तोंडून हो हवं होतं, आत्ताच्या आत्ता. डॉक्टर दारात घड्याळ बघत उभे होते. नवरा पुटपुटत होता, एने शुं खबर पडे, तिला काय कळतंय. मी कसाबसा आवाज सरळ ठेवून म्हटलं, "चालेल. पण मग काय होईल तेही मी सांगते." आणि तेही सांगितलं, काही न लपवता, न घाबरवता, जितकं जमलं तितकं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, उद्या सांगते.

डॉक्टर माझ्यावर चिडले. मी घरी आले, चहा ठेवला, आणि तुला फोन लावायला हात गेला. तू फोन उचलून हॅलोसुद्धा म्हणाला नसतास. एकच विचारलं असतंस, काय म्हणाली ती?

माहीत नाही, दादा. अजून म्हणाली नाही.